बेटं किती झाली?

भाड्याची गाडी. स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे,
ओळखीचं म्हणावं असं एवढंच.
बाकी सगळं बाबांच्या मांडीवरच्या नकाशात,
आणि शर्टाच्या खिशात एक छोटी वही:
बेट झालं की बॉलपेननं एक उभी रेघ.

स्कायलाच ते अडखळले.
आपण तर पुलावरून आलो, म्हणाले,
पूल असला की बेट म्हणायचं का?
मारा हो रेघ, मी म्हटलं.
मारली. पण जरा आखूड.

उइगच्या धक्क्यावर पिवळ्या जाकिटातली मुलगी
दोन बोटांनी गाड्या आत बोलावत होती
बोटीच्या उघड्या जबड्यात, इंचाइंचानं.
आमच्या पुढे मेंढ्यांचा ट्रेलर,
मागे शववाहिका, पावसातही लख्ख पुसलेली.
कोण, म्हणून विचारलं.
"टॉर्मद. चाळीस वर्षं ग्लासगोला होता.
घरी निघालाय."
बाबांनी टोपी काढली,
आणि हॅरिस दिसेपर्यंत
परत घालायचं विसरले.

हॅरिसला रस्ता एकाच गाडीपुरता.
थोड्या थोड्या अंतरावर बाजूला फुगवटा,
समोरून कोणी आलं की तिथं थांबायचं.
जो जातो तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो.
हात नाही, मान नाही, एक बोट.
तिसऱ्या दिवशी माझंही आपोआप उचललं जाऊ लागलं,
अगदी मेंढीसमोरसुद्धा.

वाटेत कुंपणाला टांगलेली लाकडी पेटी,
आत अंडी, शेजारी पैशाचा डबा, माणूस नाही.
सुटे नव्हते, बाबांनी पाचाची नोट टाकली,
आणि पुढचे नऊ मैल
हिशेब कोणाकडे राहिला यावर बोलत होते.

मग लहान बोट, बर्नरेकडे.
समोर किनारा दिसतोय, पण सरळ जाईल तर शपथ!
डावीकडे वळते, उजवीकडे वळते, मागे गेल्यासारखी करते,
दिवे गेल्यावर घरातला माणूस
टेबलाचे कोपरे चुकवत चालतो तशी.
खडकांवर सील पडलेले,
जेवण झालेल्या वऱ्हाडासारखे.

बर्नरे, नॉर्थ युइस्ट, ग्रिमसे, बेनबेक्युला,
सगळी दगडी बांधांनी एकमेकांना शिवलेली.
"सावकाश, पाणमांजरं रस्ता ओलांडतात" अशी पाटी.
आम्ही सावकाश गेलो. पाणमांजरं आली नाहीत.
बाबांचं पेन मात्र वहीवर नुसतंच तरंगत राहिलं.

रात्री पेगी-अ‍ॅन मॅकअस्किलच्या घरी मुक्काम.
चुलीत पीटची ढेपळं, स्वेटरला दुसऱ्या दिवशीपर्यंत वास.
बाबांनी तिच्यापुढे वही उघडली,
डॉक्टरपुढे रिपोर्ट ठेवावा तशी.
ती हसली नाही.
सूप वाढता वाढता म्हणाली,
"बांध माझ्या लहानपणी नव्हता.
माझी आजी नवरी होऊन आली ती वाळूवरून, घोडागाडीत.
मुहूर्त ओहोटीचा, भटजीचा नाही.
उशीर झाला तर नवरी त्या तीरावर, जेवण या तीरावर."

(भटजी हा शब्द अर्थात माझा.
तिनं वेगळं काही म्हटलं होतं,
मी बाबांना असं सांगितलं.)

"म्हणजे दिवसातून दोनदा बेट," बाबा म्हणाले,
"आणि दोनदा नाही.
मग लिहायचं काय?"

पेगी-अ‍ॅननं ड्रॉवर उघडला, शोधलं,
दाताखाली चावलेली एक पेन्सिल
त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

बाराला आम्ही ओल्या वाळूवर उतरणारं विमान पाहिलं,
वेळापत्रक तिथंही समुद्राचंच.
बाबा गाडीबाहेर उभे, पँट दुमडलेली,
विमान गेल्यावर त्यांनी चाकांच्या खुणांमध्ये पाय ठेवून पाहिला.
पाणी येऊन भरलं तरी उभेच होते.

ओबानला परतलो. दुहेरी रस्ता, सिग्नल.
मी एका ट्रकवाल्याला बोट उचललं,
त्यानं पाहिलंच नाही.
तेवढ्यात घरून आईचा फोन:
पोचलात का, जेवलात का, थंडी आहे का,
आणि हो, एकूण बेटं किती झाली?

बाबांनी वही काढली नाही.
घड्याळाकडे पाहिलं.
म्हणाले,
"किती वाजताची विचारतेयस?"